फाटकापासून हिशेबपट्टीपर्यंत: डाळमिलचे संगणक जोडून आवक प्रक्रिया स्वयंचलित करण्याचे टप्पे

लातूर, उदगीर, जालना या भागांतील डाळमिल आणि आडत दुकानांत संगणक जोडण्याचे काम करताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. प्रणाली आधी बसवली जाते आणि प्रत्यक्ष काम कसे चालते हे नंतर, तेही तक्रारी आल्यावर, विचारले जाते. मग तुरीची आवक सुरू होऊन फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली की पहिल्याच आठवड्यात प्रणाली बाजूला पडते आणि वही पुन्हा उघडली जाते. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो, क्रमाचा असतो.

पुढील टप्पे पाच संगणक असलेल्या मध्यम आकाराच्या डाळमिलला धरून लिहिले आहेत: फाटक, भुईकाटा, नमुना तपासणीचे टेबल, हिशेब विभाग आणि मालकांची केबिन. यांखेरीज एक सहावा संगणक सर्व्हर म्हणून, म्हणजे सर्वांच्या नोंदी एका जागी ठेवण्यासाठी, लागेल. सर्व कामास माझ्या अनुभवानुसार दीड ते दोन महिने लागतात, म्हणून तुरीच्या हंगामासाठी तयारी दिवाळी संपताच हाती घ्यावी.

## टप्पा १: एका गाडीच्या मागे चालावे

संगणकाला हात लावण्यापूर्वी किमान एक आठवडा, आणि त्यात एक तरी गर्दीचा दिवस धरून, फाटकातून आत येणाऱ्या गाडीच्या मागे प्रत्यक्ष चालावे. गाडी आली, नमुना काढला, हवा (म्हणजे मालातील ओलावा) आणि माती पाहिली, भाव ठरला, भरलेले वजन झाले, माल खाली झाला, रिकामे वजन झाले, कडता (ओलावा व मातीपोटी होणारी वजावट) व हमाली वजा होऊन पट्टी (शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशेब) निघाली, मालकांनी मंजुरी दिली, रक्कम खात्यावर गेली. प्रत्येक पायरीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: काम कोण करतो, कशावर लिहितो, अडल्यास कोणाला विचारतो आणि त्या जागी गाडी किती वेळ थांबते.

ही सरळ वाट एका दिवसात लिहून होते. उरलेले दिवस आडवाटांसाठी लागतात आणि खरे काम तेथेच आहे. एका ट्रॅक्टरमध्ये दोन सख्ख्या भावांचा माल असतो आणि पट्ट्या वेगळ्या हव्या असतात. नमुना न पटल्याने गाडी परत जाते. अर्धा माल खाली झाल्यावर तळाशी ओला माल निघतो आणि भाव पुन्हा ठरतो. माल वडिलांच्या नावाने येतो, पण खाते मुलाचे दिले जाते. मागची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) वजा करायची असते. रिकामे वजन न करताच चालक गाडी घेऊन जातो. अशा प्रत्येक प्रसंगापुढे निर्णय कोणाचा, हे एका व्यक्तीच्या पदासह लिहिले गेले पाहिजे. "बघून घेऊ" हे उत्तर स्वीकारू नये, कारण बघून घेणे यंत्राला येत नाही.

एका मिलमध्ये मी दोन शेतकऱ्यांची एक गाडी हा प्रसंग विचारायचा विसरलो होतो. प्रणाली एका गाडीला एकच पट्टी देत असल्याने मुनिमांनी नाइलाजाने त्याच गाडीची फाटकावर दुसरी, खोटी नोंद करण्यास सुरुवात केली. महिनाअखेर फाटकावरच्या गाड्यांची संख्या काट्यावरच्या गाड्यांपेक्षा जास्त निघाली आणि कोणत्या नोंदी खऱ्या हे ठरवण्यात आमचे चार दिवस गेले. मुनिमांची त्यात काही चूक नव्हती. मी त्यांना दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

आराखडा काढण्यासाठी बीपीएमएन २.० या प्रमाणित चिन्हपद्धतीतील मोजकी चिन्हे पुरतात: आरंभ व शेवट यांसाठी वर्तुळ, कामासाठी चौकट, निर्णयासाठी चौकोनी हिरा, आणि प्रत्येक विभागासाठी एक आडवा पट्टा. बाकीच्या डझनावारी चिन्हांच्या मागे लागू नये, कारण हा कागद हमालांच्या मुकादमालाही समजला पाहिजे.

तपासणी: आराखडा मुनीम, काटेवाला आणि फाटकावरील कर्मचारी यांना वेगवेगळा दाखवावा. तिघांनीही "असेच चालते" म्हटल्याखेरीज पुढे जाऊ नये.

## टप्पा २: माणसाकडे काय राहील ते आधी ठरवावे

भाव ठरवणे, नमुन्यावरून कडता ठरवणे आणि रक्कम सोडण्यास मंजुरी देणे, ही तीन कामे माणसाकडेच राहावीत. वजन उचलणे, आकडेमोड, पट्टी तयार करणे, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंद, बँकेला पाठवायची रकमांची फाइल आणि शेतकऱ्याला संदेश ही कामे यंत्राला द्यावीत. रकमेबाबत मी विशेष आग्रही आहे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी ही बँकेतून रक्कम पाठवण्याची सेवा दिवसरात्र चालते, त्यामुळे चुकीची फाइल मध्यरात्री पुढे गेली तरी ती अडवायला बँक बंद नसते.

## टप्पा ३: नावे, गावे आणि खाती स्वच्छ करावीत

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून वगळला जातो. आणि पुढील निम्म्या अडचणी यातूनच येतात.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची आहे. अनेक मिलमध्ये शेतकऱ्यांच्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये साठवलेल्या असतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, परंतु संगणकासाठी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ असते. अशा याद्या आधी युनिकोड या सर्व संगणकांना सारख्या समजणाऱ्या अक्षरपद्धतीत आणाव्यात आणि रूपांतरानंतर किमान शंभर नावे डोळ्यांनी वाचावीत, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरी अडचण दिसतसुद्धा नाही. "गोऱ्हे" किंवा "कऱ्हाळे" यांतील अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो: एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरला जातो, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. दोन्ही दिसायला सारखे, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार होतात. नोंद साठवण्यापूर्वी सर्व नावे एकाच पद्धतीत आणणारा छोटा नियम प्रवाहात, म्हणजे कामे ओळीने आपोआप करणाऱ्या मांडणीत, बसवावा. नावाच्या मागचे-पुढचे रिकामे अंतरही त्याच वेळी काढावे.

तिसरी अडचण गावांची. पिंपळगाव आणि वडगाव या नावांची गावे मराठवाड्यात एकाहून अधिक तालुक्यांत आहेत. शिवाय जुन्या याद्यांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, आणि काही ठिकाणी अंबाजोगाई तर काही ठिकाणी अंबेजोगाई, असे मिश्रण असते. म्हणून गावाची ओळख नावावर ठेवू नये. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो, तो घ्यावा आणि जुनी-नवी सर्व नावे त्याच्यापुढे पर्याय म्हणून जोडावीत.

शेतकऱ्याची ओळखही नावावर नको आणि मोबाइल क्रमांकावरही नको, कारण घरात एकच मोबाइल चौघे वापरतात. आपला स्वतःचा शेतकरी क्रमांक द्यावा आणि तो पट्टीवर ठळक छापावा.

खबरदारी: बँक खाते क्रमांक एक्सेलमध्ये नुसताच टाकला तर सुरुवातीची शून्ये गळतात, आणि क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असल्यास पुढील अंकांचे शून्य होते. स्तंभ आधी "मजकूर" प्रकारचा करावा आणि मगच क्रमांक भरावेत. एकदा बिघडलेला क्रमांक स्तंभाचा प्रकार बदलून परत येत नाही, पासबुक पाहूनच भरावा लागतो.

तपासणी: बँक शाखेची ओळख सांगणारा आयएफएससी संकेतांक ११ अक्षरांचा असतो आणि त्याचे पाचवे स्थान नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी ओ टंकलेला आढळणे ही रोजची बाब आहे. हा नियम प्रणालीतच घालावा.

## टप्पा ४: केबल, वीज आणि घड्याळ

तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरच्या आत ठेवावी. फाटक किंवा काटा कार्यालयापासून दूर असल्यास दोन इमारतींमधील जोडणी फायबरनेच करावी. अंतर कमी असले तरी माझा सल्ला हाच आहे, कारण आपल्याकडे अवकाळी पावसात वीज पडली की तांब्याच्या तारेतून आलेला दाब नेटवर्क स्विचसह (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) दोन्ही टोकांचे संगणक जाळून जातो. फायबरमधून तो येत नाही.

सर्व्हर, काट्याचा संगणक आणि प्रिंटर यांना न बदलणारे आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) द्यावेत. हे पत्ते राउटरमध्येच राखून ठेवणे अधिक सोयीचे पडते. विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार "प्रायव्हेट" असल्याची खात्री करावी; तो "पब्लिक" राहिला की फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) शेजारच्या संगणकालाही आत येऊ देत नाही आणि लोक कंटाळून फायरवॉलच बंद करतात. तसे करू नये. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आहेत, म्हणून सर्व्हर तरी त्यावर ठेवू नये.

सर्व्हर, स्विच आणि राउटर या तिन्हींना यूपीएस द्यावा. बहुतेक ठिकाणी तो केवळ सर्व्हरला असतो. वीज गेली की स्विच बंद पडतो आणि चालू असलेला सर्व्हर कोणालाच दिसत नाही. वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा यासाठीची सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) असते, ती चालू करावी, आणि संगणक झोपी जाण्याची सोय सर्वत्र बंद करावी.

घड्याळाकडे मात्र कोणी पाहत नाही. काट्यावरचा संगणक दहा मिनिटे मागे असेल तर भरलेल्या वजनाची वेळ फाटकावरच्या नोंदीच्या आधीची दिसते आणि वेळेवर आधारलेला प्रत्येक नियम कोलमडतो. सर्व संगणकांनी वेळ एकट्या सर्व्हरकडून घ्यावी, अशी मांडणी करावी.

तपासणी: विजेचा मुख्य स्विच पाडून दहा मिनिटे वीज बंद ठेवावी, नंतर चालू करावी. कोणीही काही न दाबता सर्व सेवा पाच मिनिटांत सुरू झाल्या पाहिजेत. हे चार वेळा करावे.

## टप्पा ५: सर्व्हरवरील मांडणी

मी सहसा तीन भाग वापरतो. नोंदी साठवण्यासाठी पोस्टग्रेस-एसक्यूएल, प्रवाह चालवण्यासाठी एन-एट-एन, आणि काट्याच्या संगणकावर वजन वाचण्यासाठी नोड-रेड. तिन्ही स्वतःच्या संगणकावर चालतात, त्यामुळे इंटरनेट गेले तरी आवक थांबत नाही. एकच एक्सेल फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून पाच जणांनी भरणे, किंवा एस-क्यू-लाइटची फाइल नेटवर्कवरून उघडणे, हे दोन्ही टाळावे. एकाच वेळी दोघांनी लिहिले की फाइल अडकते किंवा बिघडते.

एन-एट-एन बसवताना तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. मूळ मांडणीत त्याचा वेळप्रदेश न्यूयॉर्कचा असतो, तो एशिया/कोलकाता करावा. अन्यथा संध्याकाळी सात वाजता निघणारा गोषवारा भलत्याच वेळी निघेल. दुसरे, त्याची एन्क्रिप्शन की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, कारण ती हरवली तर बॅकअप असूनही साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत. तिसरे, चाललेल्या प्रवाहांची माहिती तो मूळ मांडणीत १४ दिवसांनी काढून टाकतो, म्हणून हिशेबाला लागणारी प्रत्येक घटना आपल्या स्वतंत्र नोंदतक्त्यात लिहावी.

खबरदारी: नोड-रेडच्या संपादकाला मूळ मांडणीत पासवर्ड नसतो. तो १८८० या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांकित प्रवेशद्वारावर) नेटवर्कमधील कोणालाही उघडतो. पासवर्ड घातल्याखेरीज काट्याच्या संगणकावर तो चालू ठेवू नये.

## टप्पा ६: भुईकाटा जोडणे

काट्याचे निर्देशक यंत्र सहसा सीरिअल तारेने वजन पाठवते. ही तार साधारण १५ मीटरपेक्षा लांब नेऊ नये. म्हणून संगणक काटाघरातच असावा. वेग आणि इतर मांडणी यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावी, अंदाजाने नव्हे. यूएसबीचे रूपांतरक वापरल्यास ते कायम एकाच खाचेत ठेवावे आणि खाचेवर रंग लावावा, कारण दुसऱ्या खाचेत घातल्यास कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो आणि वजन येणे बंद होते.

यंत्र वजन सतत पाठवत असते, गाडी चढताना आणि हलतानाही. पहिला आलेला आकडा उचलू नये. सलग काही सेकंद तोच आकडा आला, तो ठरलेल्या किमान वजनापेक्षा अधिक आहे आणि काटेवाल्याने गाडीची सर्व चाके काट्यावर असल्याचे पाहून बटण दाबले, या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच वजन साठवावे. हाताने वजन भरण्याची सोय ठेवावीच लागते, पण तशा पट्टीवर "हाताने भरलेले" असे छापले गेले पाहिजे. शेतकऱ्याला ते दिसणे हा त्याचा हक्क आहे.

खबरदारी: वैधमापन विभागाने लावलेल्या मोहरेला हात लावू नये. आपल्याला केवळ बाहेर आलेली तार हवी आहे. यंत्र उघडण्याची वेळ आली तर परवानाधारक दुरुस्तीकाराला बोलवावे.

## टप्पा ७: प्रवाह लिहिणे

फाटकावर मिळालेला आवक क्रमांक हाच शेवटपर्यंतचा धागा. वजन, नमुना, पट्टी, टॅली आणि बँक, सर्वत्र तोच क्रमांक जावा. प्रत्येक आवकेची एका वेळी एकच अवस्था असावी: आलेली, नमुना झालेला, भरलेले वजन झालेले, खाली झालेली, रिकामे वजन झालेले, पट्टी तयार, मंजूर, रक्कम गेलेली, तसेच परत गेलेली आणि रद्द. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते हे डेटाबेसमध्येच बांधावे, म्हणजे रिकामे वजन नसताना पट्टी निघूच शकणार नाही. एका गाडीत दोघांचा माल असल्यास एका आवकेखाली दोन हिस्से असावेत, दोन आवका नव्हेत.

येथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे दुहेरी नोंद. नेटवर्क क्षणभर तुटते, पाठवणाऱ्याला उत्तर मिळत नाही, तो तीच नोंद पुन्हा पाठवतो, आणि पहिली तर पोचलेलीच असते. पुन्हा पाठवणे थांबवू नये, ते आवश्यकच आहे. त्याऐवजी आवक क्रमांक, हिस्सा आणि पायरी यांची जोडी डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवावी. दुसऱ्यांदा आलेली नोंद आपोआप नाकारली जाईल आणि पाठवणाऱ्याला "आधीच मिळाली" असे उत्तर जाईल.

आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांत नोंद अयशस्वी झाली की मधला क्रमांक गळतो. लेखापरीक्षक त्याबद्दल विचारणारच. पट्टीचा क्रमांक म्हणून पट्टी पक्की होताना स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि चुकलेली पट्टी पुसू नये, रद्द म्हणून ठेवावी.

प्रत्येक प्रवाहाला चूक झाल्यावर चालणारा दुसरा प्रवाह जोडावा. चूक झाल्याचा संदेश कोणाला जाईल, हे टप्पा १ मधील तक्त्यातून घ्यावे. "सर्वांना" पाठवलेला संदेश कोणीच वाचत नाही.

खबरदारी: ठरावीक वेळी चालणारे काम विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये "वापरकर्ता लॉग इन नसतानाही चालवा" असे ठेवल्यास त्याला झेड किंवा वाय अशी जोडलेली ड्राइव्ह दिसत नाही. हाताने चालवले की चालते, रात्री मात्र बंद पडते. सामायिक फोल्डरचा पूर्ण नेटवर्क मार्ग लिहावा.

## टप्पा ८: टॅली, बँक आणि संदेश

टॅलीप्राइम सहसा ९००० या पोर्टवर एक्सएमएल स्वरूपात नोंदी स्वीकारते. त्यासाठी टॅली उघडे आणि संबंधित कंपनी लोड केलेली असावी लागते. खातेवहीतील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. टॅलीकडून उत्तर आले म्हणजे नोंद झाली असे समजू नये; उत्तरात किती नोंदी तयार झाल्या आणि किती चुकल्या हे आकडे असतात, ते वाचूनच अवस्था बदलावी. स्वयंचलित नोंदींसाठी टॅलीत स्वतंत्र वापरकर्ता करावा. मिल कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची न पुसता येणारी नोंद ठेवणारे लेखा-सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीत यंत्राचे काम मुनिमांच्या नावावर दिसणे योग्य नाही.

बँकेची फाइल बनवणारा आणि ती मंजूर करणारा हे दोन वेगळे जण असावेत. रक्कम गेल्यावर आलेला यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) आवकेपुढे नोंदवला गेला, तरच अवस्था "रक्कम गेलेली" व्हावी.

शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचा असल्यास त्याचा नमुना मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. देवनागरीतील एका संदेशात ७० अक्षरे मावतात, त्यामुळे नाव, निव्वळ वजन, भाव आणि रक्कम यांपलीकडे काही घालू नये.

## टप्पा ९: वही आणि प्रणाली शेजारी शेजारी

पहिले पंधरा दिवस वही बंद करू नये. रोज संध्याकाळी तीन बेरजा जुळवाव्यात: फाटकावरील गाड्या, काट्यावरील निव्वळ वजन आणि पट्ट्यांची एकूण रक्कम. फरक आल्यास त्याच दिवशी कारण शोधावे. सलग सात दिवस फरक शून्य आला तरच वही थांबवावी; आठव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी थांबवण्याचा मोह मालकांना होतो, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. सुरुवात हंगामाच्या ऐन गर्दीत कधीही करू नये.

## टप्पा १०: बॅकअप आणि वीज नसतानाची वाट

डेटाबेसची प्रत रोज रात्री घ्यावी, आणि एक प्रत मिलच्या आवाराबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत एखाद्या जुन्या संगणकावर उतरवून कालची शेवटची पट्टी उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही.

फाटकावर छापील आवक पावत्यांचे एक पुस्तक कायम ठेवावे. त्यांचे क्रमांक "क" या वेगळ्या मालिकेतील असावेत, म्हणजे प्रणालीतील क्रमांकांशी ते कधीही भिडणार नाहीत. दिवसभर वीज नसेल तर आवक या पावत्यांवर चालते. नंतर नोंद करताना पावतीवरील मूळ वेळ आणि नोंद भरल्याची वेळ अशा दोन्ही वेळा साठवाव्यात, आणि कागदी पावती त्या दिवसाच्या पट्ट्यांना टाचून ठेवावी.